बीपीए आणि ताटातले सोयाबीन

पॉलिकार्बोनेटच्या कडक, पारदर्शक भांड्यांत आणि काही डबाबंद अन्नाच्या पत्र्याला आतून दिलेल्या लेपात बिस्फेनॉल-ए, म्हणजेच बीपीए, असते. अशा भांड्यात उकळती आमटी ओतली की ते अन्नात उतरते आणि शरीरात इस्ट्रोजेन या संप्रेरकाची नक्कल करते.

2007 मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात उंदरांच्या माद्यांना बीपीए दिले गेले. त्यांची पिल्ले पिवळ्या रंगाकडे झुकली, कारण रंग ठरवणाऱ्या जनुकावरची मिथाइल या रासायनिक गटाची खूण पुसट झाली होती. आहारात फोलेटसारखे मिथाइल पुरवणारे घटक किंवा सोयाबीनमधले जेनिस्टीन मिसळले, तेव्हा हा परिणाम टळला. आहाराचे इतके थेट काम क्वचितच दिसते.

2016 मध्ये बोस्टनमधील अभ्यासात टेस्ट ट्यूब बेबी उपचार घेणाऱ्या 239 स्त्रिया होत्या. सोया न खाणाऱ्यांच्या लघवीत बीपीए जितके जास्त, तितके मूल जन्मण्याचे प्रमाण कमी. सोया खाणाऱ्यांत हा संबंध दिसला नाही. अर्थात, अशा निरीक्षणातून कार्यकारण सिद्ध होत नाही. सोयाला उतारा मानून प्लास्टिक वापरत राहणे तर चुकीचेच. फोलेट मात्र गर्भधारणेआधीपासून हवेच. ते पालक, मसूर, हरभऱ्यात मिळते. बीपीए बहुतांशी दिवसभरात लघवीवाटे निघून जाते, त्यामुळे आमटी स्टीलच्या डब्यात नेल्याचा फरक लवकर पडतो.