टाइल्समागची भिंत

बाथरूमचं काम काढलं की आपण बायका आधी टाइल्सच्या दुकानात धावतो. रंग, फुलांची पट्टी, चकचकीतपणा यातच दिवस जातो. मीही तेच केलं. आणि पहिल्याच पावसाळ्यात खालच्या मजल्यावरच्या काकू दारात उभ्या. "ताई, आमच्या छताला ओल आलीय हो!" नवीकोरी टाइल वाजवून बघितली, तर पोकळ आवाज. दोष टाइलचा नव्हताच. मागची भिंत तयार न करताच मिस्त्रीनं टाइल चिकटवली होती.

ही फक्त पैशांची गोष्ट नाही. उल्हासनगरात मे २०२१ मध्ये एकाच महिन्यात दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसं गेली. अशा दुर्घटनांची कारणं अनेक असतात. पण बाथरूमचं पाणी वर्षानुवर्षं स्लॅबमध्ये मुरलं की आतली सळई गंजते, फुगते आणि काँक्रीट फोडते, एवढं नक्की. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापुरात जुन्या इमारती खूप. म्हणून मैत्रिणींनो, घराघरांतून फिरताना आणि स्वतः ठेच खाऊन जे शिकले, ते सांगते.

आपल्याकडे बहुतेक घरी खाली टाइल आणि वर गिलावा असतो. खर्चाला परवडतं, दिसतंही बरं. पण खालची आणि वरची, दोन्ही भिंती नीट तयार व्हायला हव्यात.

सगळ्यात आधी सोसायटीला कळवा. इमारत जुनी असेल, तर अभियंत्याला दाखवल्याशिवाय हातोडा उचलू देऊ नका. जुन्या टाइलवर नवी टाइल, जुन्या कोब्यावर नवा कोबा असं करू नका, स्लॅबवरचं ओझं वाढतं.

मग भिंत ठोकून बघा. पोकळ वाजेल तिथला गिलावा विटेपर्यंत काढायला लावा. जुना चुना, ऑइलपेंट खरवडायलाच हवा, त्यावर सिमेंट धरत नाही. काँक्रीटच्या भागाला टाचे मारून घ्या. वीट आणि काँक्रीट जिथे मिळतात, तिथे कोंबडी जाळी ठोकून घ्या, नाहीतर नेमकी तिथेच चीर पडते.

पाइप बसले की गिलाव्याआधीच पाण्याचा दाब देऊन तपासा. गळती तेव्हाच कळली तर बरं, नंतर सगळं फोडावं लागतं.

टाइलची रेघ आधीच आखून घ्या. शॉवरच्या बाजूला ती डोक्याच्या वर, बाकी भिंतींना कमी चालते. रेघेखालचा गिलावा खरबरीत ठेवा, म्हणजे टाइल धरते. वरचा गुळगुळीत. टाइलची जाडी धरून वरचा गिलावा पुढे घ्यायला सांगा. नाहीतर टाइलच्या डोक्यावर कड राहते, तिथे पाणी आणि मळ साचतो. आणि वरच्या भागाला पीओपी अजिबात नको, वाफेनं ते भुसभुशीत होतं.

गिलाव्यावर निदान सात दिवस पाणी मारा. मिस्त्री "उद्याच टाइल लावू" म्हणेल, तुम्ही ऐकू नका.

त्यानंतर वॉटरप्रूफिंग. ते नुसतं जमिनीला नको, भिंतीवर फूटभर वर चढवा, शॉवरकडे टाइलच्या उंचीपर्यंत. मग नहाणी ट्रॅपचं तोंड बंद करून चोवीस तास पाणी भरून ठेवा आणि खालच्या घरी जाऊन स्वतः छत बघा. कोरडं असेल, तरच टाइलची पेटी उघडा. वरच्या गिलाव्याला रंगही घाईनं नको, महिनाभर वाळू द्या.

दुसऱ्यांदा काम केलं तेव्हा मी रोज समोर स्टूल टाकून बसले. मिस्त्री हसले. "ताई, तुम्हीच करता का गिलावा?" मी म्हटलं, "करणार तुम्ही, पण राहणार मी, आणि खाली काकू!"

आता पाऊस लागला की काकूंना विचारते, "ओल?" त्या म्हणतात, "नाही गं बाई, चहाला ये."