बडोद्याला दर्या नाही, पण आपल्यासाठी धडा आहे



एक चित्र डोळ्यांसमोर आणा. बोट लागलेली, मासळी उतरतेय, बर्फाची घाई. तेवढ्यात एकसारखे टी-शर्ट घातलेली चार-पाच पोरं जेटीवर येतात, हातात टॅब. "काका, बोट किती फुटी? सिलिंडर किती? डिझेल किती लागतं? जाळं कुठे टाकता?" आपण सगळं सांगतो. बॅनर धरून फोटो निघतो. एक ॲप मोबाईलमध्ये टाकून देतात. महिना-दोन महिन्यांनी ते ॲप उघडत नाही, आणि दिलेला फोन नंबर कुणी उचलत नाही.

बऱ्याच बंदरांवर हे झालंय. म्हणून पुष्कळ नाखवा म्हणतात, "हे कॉलेजवाले नि कंपनीवाले आपल्या काय कामाचे?" राग खोटा नाही. पण सगळ्यांना एकाच टोपलीत घातलं तर चांगली मासळीही फेकली जाईल. कॉम्प्युटरचं संशोधन, कंपनीचा सामाजिक जबाबदारीचा पैसा, म्हणजे सीएसआर, आणि आपल्यासारखा छोटा धंदा हे तीन दोर नीट विणले तर जाळं होतं, नाहीतर गुंता. हे समजून घ्यायला आज बडोद्याला जाऊया.

बडोदंच का?

बडोदं शहर दर्याकाठी नाही. पण बडोदे संस्थानाला दर्या होता. दक्षिणेला नवसारी-बिलिमोरा, सौराष्ट्रात कोडीनार आणि पार टोकाला द्वारकेजवळचं ओखामंडळ, एवढा किनारा गायकवाडांच्या राज्यात होता. आणि मराठी माणसाचं बडोद्याशी नातं काय, ते वेगळं सांगायला नको.

आपण सोसायटीवाले, म्हणून पहिली गोष्ट सहकाराची. १८८९ साली विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांच्या पुढाकाराने बडोद्यात 'अन्योन्य सहकारी मंडळी' सुरू झाली. देशात सहकारी संस्थांचा कायदा आला १९०४ साली. म्हणजे कायद्याच्या पंधरा वर्षं आधी तिथल्या सामान्य कुटुंबांनी थोडे थोडे पैसे एकत्र करून एकमेकांना आधार द्यायला सुरुवात केली होती. भारतातल्या सहकाराची सुरुवात सांगताना या मंडळीचं नाव आधी घेतलं जातं.

दुसरी गोष्ट १८९० ची. सयाजीराव महाराजांनी बडोद्यात कलाभवन काढलं. त्रिभुवनदास गज्जर हे रसायनशास्त्राचे प्राध्यापक त्याचे प्रमुख. रंगकाम, सुतारकाम, विणकाम, यंत्रकाम असले हाताचे धंदे तिथे शास्त्रशुद्ध शिकवले जायचे. गज्जरांचा आग्रह होता की कारागिराला त्याच्या भाषेत शिकवा, तरच विद्या त्याच्या धंद्यात उतरेल. म्हणून मराठी-गुजराती पुस्तकं तयार करण्याचं काम हाती घेतलं गेलं. आपले दादासाहेब फाळके त्याच कलाभवनात शिकले. १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ झालं, कलाभवन त्यात गेलं. आज त्याच परंपरेतल्या तंत्रज्ञान विभागात पोरं कॉम्प्युटर इंजिनीअरिंग शिकतात.

तिसरी गोष्ट थेट आपल्या धंद्याची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गायकवाड सरकारने जेम्स हॉर्नेल या समुद्रशास्त्रज्ञाकडून ओखामंडळच्या दर्याची पाहणी करून घेतली. मोत्यांचे शिंपले, शंख, समुद्रातले जीव यांवरचा त्याचा अहवाल १९०९ आणि १९१६ अशा दोन भागांत छापला गेला. एका राजाने आपल्या किनाऱ्यासाठी संशोधनावर पैसा खर्च केला, ही मोठी गोष्ट. पण तो अहवाल छापला लंडनमध्ये आणि इंग्रजीत! ज्या खारव्यांच्या-वाघेरांच्या दर्याबद्दल तो होता, त्यांच्या हातात तो कसा पडणार?

कलाभवन आणि हा अहवाल, दोन्ही एकाच राजाच्या काळातले. एकात विद्या माणसाच्या भाषेत आली, दुसऱ्यात ती कपाटात गेली. आजच्या प्रत्येक ॲपला आणि प्रत्येक सर्व्हेला हीच कसोटी लावायची.

मोबाईलने खरंच काय बदललं?

कॉम्प्युटर-मोबाईलच्या संशोधनात मासेमारीचं एक उदाहरण जगभर शिकवलं जातं, आणि ते आपल्याच देशातलं आहे. रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाने उत्तर केरळच्या किनाऱ्यावर तारलीच्या बाजाराचा अभ्यास केला. तो २००७ साली प्रसिद्ध झाला.

त्यात १४ जानेवारी १९९७ ची एक नोंद आहे. बडगरा बंदरावर ११ बोटींची मासळी गिऱ्हाईक नाही म्हणून टाकून देण्याची वेळ आली होती. त्याच वेळी १५ किलोमीटरच्या आत २७ खरेदीदार मासळी नाही म्हणून रिकामे परतणार होते. दोघांना एकमेकांचा पत्ताच नाही. पुढे १९९७ ते २००१ मध्ये टप्प्याटप्प्याने मोबाईलचे टॉवर आले. तांडेल दर्यातूनच फोन करून भाव विचारू लागले. जेन्सनच्या हिशेबाने वाया जाणारी मासळी जवळजवळ थांबली, मच्छीमारांचा नफा सरासरी ८ टक्के वाढला आणि गिऱ्हाईकालाही मासळी ४ टक्के स्वस्त मिळाली.

मात्र नंतरच्या अभ्यासकांनी एक खोच दाखवली. ज्याने व्यापाऱ्याकडून आगाऊ पैसे उचललेत, त्याला दुसऱ्या बंदराचा भाव कळून उपयोग काय? मासळी द्यायची त्याच व्यापाऱ्याला. हे आपल्याला कुणी शिकवायला नको! फोन भाव सांगतो, पण उचल फेडत नाही. ते काम सोसायटीचं. म्हणून तंत्रज्ञान आणि सहकार एकत्र आले तरच खिशात दोन पैसे उरतात.

आपल्या रायगडचं उदाहरण

महाराष्ट्रातही असं काम झालंय. टीसीएस कंपनीच्या मुंबईतल्या संशोधन प्रयोगशाळेने 'एम-कृषी फिशरीज' नावाची मोबाईल सेवा बनवली. सोबत केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचं मुंबई केंद्र आणि हैदराबादची इन्कॉइस. रायगड जिल्ह्यातल्या मच्छीमारांसोबत ती वापरून पाहिली गेली, आणि मराठीत.

काम कसं चालतं? उपग्रह समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान आणि पाण्यातलं हरितद्रव्य मोजतो. गार-गरम पाणी जिथे भेटतं, तिथे सूक्ष्म वनस्पती वाढतात. त्यांच्यामागे बारीक मासळी, तिच्यामागे मोठी. इन्कॉइस त्यावरून सांगतं की अमुक बंदरापासून अमुक दिशेला, एवढ्या अंतरावर, एवढ्या खोलीत मासळी मिळण्याची शक्यता आहे. ढग आले तर उपग्रहाला दिसत नाही, म्हणून रोज मिळेलच असं नाही. पण दर्यात रेंज नसते, तांडेलला आकड्यांपेक्षा नकाशा पटकन कळतो, वाऱ्याचा वेग आणि लाटांची उंची एकाच ठिकाणी हवी, हे सगळं बंदरावर बसून समजून घेतलं तेव्हाच ती सेवा कामाची झाली. चांगलं संशोधन ते, ज्यात विचारणारा आधी ऐकतो.

मिठापूरची व्हाली

पुन्हा जुन्या बडोदे संस्थानाच्या मुलखात जाऊ. ओखामंडळातल्या मिठापूरला १९३९ पासून टाटा केमिकल्स आहे. व्हेल शार्क हा जगातला सगळ्यात मोठा मासा सौराष्ट्राच्या दर्यात येतो आणि पूर्वी त्याची शिकार व्हायची. २००१ साली कायद्याने त्याला पूर्ण संरक्षण मिळालं. २००४ पासून या कंपनीने, वन्यजीव संस्थेने आणि गुजरातच्या वन खात्याने मोहीम काढली. मोरारी बापूंनी त्याला 'व्हाली' म्हटलं, म्हणजे माहेरी आलेली लाडकी लेक. जाळ्यात अडकला तर जाळं कापून सोडायचा आणि भरपाई घ्यायची.

अडचण अशी की पंचनाम्याला अधिकारी येईपर्यंत मासा जाळ्यात तडफडतो आणि आपला दिवसही जातो. मग मच्छीमारांच्याच हातात कॅमेरे दिले. त्यांनी काढलेला फोटो हाच पुरावा. तंत्रज्ञान साधंच, पण मच्छीमाराच्या शब्दावर विश्वास ठेवला म्हणून काम झालं. महाराष्ट्रातही डिसेंबर २०१८ पासून संरक्षित जीव जाळं कापून सोडला आणि त्याचा फोटो-व्हिडिओ दिला तर २५,००० रुपयांपर्यंत भरपाईची योजना आहे. कासव किंवा व्हेल शार्क अडकला तर आधी मोबाईल काढा, मग सुरी.

सीएसआर म्हणजे उपकार नव्हे

आता पैशाची गोष्ट. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार, ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटींच्या वर आहे, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातला किमान २ टक्के भाग समाजकामावर खर्च करावा लागतो. १ एप्रिल २०१४ पासून हे लागू आहे. कंपनी जिथे काम करते त्या भागाला प्राधान्य द्यावं, असंही कायदा म्हणतो. म्हणजे किनाऱ्यावर कारखाना असेल तर किनाऱ्यावरच्या गावांनी मागणी करणं यात लाजण्यासारखं काही नाही.

पण तीन गोष्टी लक्षात ठेवा:

• कंपनीचा नेहमीचा धंदा किंवा जाहिरातीसाठी दिलेली स्पॉन्सरशिप सीएसआरमध्ये मोजत नाहीत. ॲप विकायला आलेला माणूस "सीएसआर आहे" म्हणाला तर कागद मागा.

• हा पैसा बहुतेक वेळा नोंदणीकृत ट्रस्ट, संस्था किंवा कलम ८ च्या कंपनीमार्फत येतो आणि त्यांच्याकडे सीएसआर नोंदणी क्रमांक लागतो. तो विचारा.

• या पैशातून कायमची वस्तू उभी राहिली, समजा बर्फाचा कारखाना, शीतपेटी किंवा सोलर ड्रायर, तर तिची मालकी लाभार्थ्यांच्या गटाकडे किंवा सामूहिक संस्थेकडे ठेवण्याची सोय नियमांत आहे. कंपनीने मात्र ती स्वतःकडे ठेवायची नाही.

आणि आपली माहिती?

मासळी कुठे मिळते ही नाखवाची तिजोरी. बापजाद्यांनी खुणा लक्षात ठेवल्या, कुणाला सांगितल्या नाहीत. आज जीपीएसची एक फाईल दिली की ती तिजोरी दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये जाते. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरहून देशभर एक लाख ट्रान्सपॉन्डर बसवायची योजना सुरू झाली. वादळात, संकटात त्याने जीव वाचेल, ते बसवाच. पण कोणतं यंत्र जिवासाठी आणि कोणता सर्व्हे कुणाच्या फायद्यासाठी, हा फरक कळला पाहिजे.

२०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. त्यात म्हटलंय की संमती घेताना कोणती माहिती, कशासाठी, हे सांगावं लागेल आणि ती नोटीस मराठीतही मागता येईल. दिलेली संमती परत घेण्याची सोयही आहे. त्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होतेय, पण सोसायटीने विचारायला आजपासून कोण अडवतंय?

सोसायटीच्या सभेत हे ठरवा

कुणी प्रकल्प घेऊन आला तर जेटीवर नाही, सोसायटीत बसून बोलायचं आणि सहा प्रश्न विचारायचे:

१. पैसा कुणाचा? सीएसआर, सरकारी की धंद्याचा?
२. सगळं मराठीत आहे का? न वाचता येणाऱ्या मावशीला ऐकून कळेल का?
३. बोटीची, मासळीची, जागेची माहिती कुठे जाणार, कोण बघणार?
४. वस्तू कुणाच्या नावावर?
५. दोन वर्षांनी प्रकल्प संपला की दुरुस्ती आणि खर्च कोण करणार?
६. निकाल काय लागला, ते आमच्या बंदरावर येऊन सांगणार का?

सहाही उत्तरं लेखी घ्या. जो नीट उत्तर देईल त्याला चहा पाजा आणि बोटीवरही न्या. त्याच्या विद्येची आपल्याला गरज आहे. आपल्या घरातली शिकलेली पोरं कॉम्प्युटर सायन्सला आहेत, त्यांना या सभेत बसवा. इंग्रजी कागद तीच वाचतील.

१ जून ते ३१ जुलै बंदीच्या काळात बोटी वर असतात, जाळी विणायला घेतलेली असतात, माणसं घरी असतात. त्या दोन महिन्यांतली एक सभा या विषयाला ठेवा. नारळी पौर्णिमेला नारळ सोडण्याआधी प्रत्येक सोसायटीचा ठराव तयार असू दे.

तुमच्या बंदरावर असा कुठला प्रकल्प आला होता? कामाचा ठरला की नुसता फोटोपुरता? कमेंटमध्ये बंदराचं नाव टाकून लिहा, आणि ही पोस्ट आपापल्या सोसायटीच्या ग्रुपवर पाठवा.