दा लात: व्हिएतनामचं थंड हवेचं शहर पायी कसं पाहायचं, काय खायचं?

व्हिएतनाम म्हटलं की दमट उकाडा आठवतो. पण दक्षिणेकडचं दा लात त्याला अपवाद आहे. सुमारे १५०० मीटर उंचीवरच्या या शहरात संध्याकाळी स्वेटर लागतो.

१८९३ मध्ये अलेक्सांद्र येरसँ हा डॉक्टर या पठारावर पोहोचला. पुढच्याच वर्षी त्याने हाँगकाँगमध्ये प्लेगचा जीवाणू शोधला आणि १८९७ मध्ये प्लेगने हैराण झालेल्या मुंबईतही तो आला होता. उकाड्याने त्रासलेल्या फ्रेंचांसाठी इथे थंड हवेचं ठिकाण वसलं, ते त्याच्याच शिफारशीवरून.

पायी फिरायचं तर सुरुवात सुअन हुओंग तलावापासून करावी. ओढा अडवून केलेल्या या तलावाभोवतीचा रस्ता बराचसा सपाट आहे. पुढे बाजाराकडे मात्र चढउतार आणि पायऱ्या लागतात.

अंधार पडला की तिथे कोळशाच्या शेगड्या पेटतात. तांदळाच्या पातळ पापडावर अंडं, कांद्याची पात आणि सोडे घालून भाजतात, ते 'बान त्रांग नुओंग'. 'बान कान' पाहून तर आप्पेच आठवतात. तांदळाचं पीठ मातीच्या छोट्या साच्यांत शिजवतात, बहुतेकदा वर अंडं फोडून. सोबत गरमागरम सोया दूध.

शाकाहारींनी मात्र जपावं. वरून साध्या दिसणाऱ्या पदार्थातही माशांचा सॉस असू शकतो. त्यामुळे आधीच 'चाय' म्हणावं. व्हिएतनामी भाषेत त्याचा अर्थ शाकाहारी. चहाला तिथे 'त्रा' म्हणतात!