अक्कलकुव्याचे मौलाना

रमजानचा चाँद दिसला की शिरोळ, कुरुंदवाड, जयसिंगपूरच्या मशिदींत पावतीपुस्तके घेतलेले सफीर दिसू लागतात. नमाज झाली की ते आपल्या मदरशाचे नाव सांगतात. जकात, सदका, जे जमेल ते लोक देतात. या मदतीच्या बळावर काय उभे राहू शकते, हे पाहायचे तर महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुव्याला जावे लागेल.

मौलाना गुलाम मोहम्मद वस्तानवी मूळचे सुरत जिल्ह्यातल्या वस्तानचे. जन्म १९५०चा. सहारनपूरच्या मजाहिर उलूममध्ये शिकून ते आलिम झाले. १९७९ मध्ये अक्कलकुव्याच्या आदिवासी मुलखात मूठभर मुलांना घेऊन त्यांनी जामिया इस्लामिया इशाअतुल उलूम सुरू केली. हिफ्ज, हदीस तर होतेच. पण पुढे आयटीआय, तंत्रनिकेतन, फार्मसी, बी.एड., युनानी अशी दालनेही उघडली. हाफिज झालेल्या मुलाच्या हाताला एखादा हुन्नरही असावा, ही साधी गोष्ट. आपल्याकडे मात्र ती अजून पटवून द्यावी लागते!

जानेवारी २०११ मध्ये दारुल उलूम देवबंदच्या मजलिसे शूराने त्यांची मोहतमिम म्हणून निवड केली. १८६६ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे हे कुलगुरूपदच. दीनी तालीमबरोबर आधुनिक शिक्षण देणारा माणूस या पदावर आला, म्हणून अनेकांना आशा वाटली. पण काही दिवसांतच त्यांची एक मुलाखत छापून आली. गुजरातेतल्या विकासाचा लाभ मुसलमानांनाही मिळतो, २००२च्या पुढे जायला हवे, असा तिचा सूर होता. दंगलीच्या जखमा ताज्या असणाऱ्यांना ते झोंबले, आणि त्यांचे दुखणे खोटे नव्हते. आपल्या शब्दांचा विपर्यास झाला, असे मौलानांनी सांगितले. तरी देवबंदमध्ये विद्यार्थ्यांची निदर्शने झाली, चौकशी समिती नेमली गेली आणि जुलैमध्ये शूराने त्यांना पदावरून दूर केले. अभ्यासक्रमाचा प्रश्न या गदारोळात कुठल्या कुठे गेला. खरे नुकसान ते.

मौलाना अक्कलकुव्याला आपल्या कामावर परतले. जालना जिल्ह्यात बदनापूरजवळ त्यांच्या संस्थेचे वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय उभे राहिले. तिथे डॉक्टर घडतात, आसपासच्या खेड्यांतले रुग्ण येतात. त्यांची जात-जमात कोणी विचारत नाही. ४ मे २०२५ रोजी मौलानांचे अक्कलकुव्यात निधन झाले. देवबंदचे ते सहा-सात महिने बहुतेकांच्या लक्षात राहिले. अक्कलकुव्यातली पंचेचाळीस वर्षे फार थोड्यांना ठाऊक आहेत.