टायरच्या दुकानातील विश्वास

गणेशचतुर्थी आणि शिमगा हे दोन सण जवळ आले, की बडोद्यातील अनेक मराठी कुटुंबांना कोकणातील व गोव्यातील मूळ घराची ओढ लागते. पूर्वी ही मंडळी रेल्वेने मुंबईस येत आणि तेथून एस.टी. किंवा बोट गाठीत. आता पुष्कळांच्या दारी मोटार आहे. मुंबईपर्यंत राष्ट्रीय महामार्ग 48 आणि पनवेलपासून पुढे महामार्ग 66, असा शेकडो किलोमीटरांचा पल्ला मुलाबाळांसह, म्हाताऱ्या आईवडिलांसह आणि सामानाने भरलेल्या गाडीने पार केला जातो. या प्रवासाची तयारी करताना घरातील कर्ता पुरुष गाडी घेऊन टायरच्या दुकानात जातो. बडोद्यात प्रतापनगर रस्त्यावर अशी दुकाने आहेत. आपल्याकडे फोंडा, म्हापसा, सावंतवाडी, चिपळूण अशा प्रत्येक गावात आहेत. या दुकानांत गिऱ्हाइकास जी वागणूक मिळते, तिचा विचार वृत्तपत्राच्या अग्रलेखात करण्याइतका हा विषय मोठा आहे काय, असे कोणी विचारील. आमच्या मते तो निश्चित मोठा आहे. घाटात वळण घेणाऱ्या गाडीतील पाच माणसांचा जीव तळहाताएवढ्या रबराच्या चार तुकड्यांवर टेकलेला असतो, आणि ते रबर शाबूत आहे की नाही हे ठरविणारा मनुष्य त्या दुकानात बसलेला असतो.

प्रतापनगर हे नाव चाकाच्या इतिहासात अपरिचित नाही. गायकवाडांच्या संस्थानातील अरुंद मापाच्या रेल्वेजाळ्यातील हे एक मोठे ठाणे. त्या जाळ्याचा आरंभ 1862 साली डभोई-मियागाम मार्गाने झाला, तेव्हा डबे ओढावयास बैल जुंपीत असत. रेल्वेच्या बडोदे विभागाचे कार्यालय आजही प्रतापनगरातच आहे, आणि 2021 च्या जानेवारीत येथून केवडियापर्यंतचा रुंद मापाचा मार्ग विजेवर चालू लागला. रबरी चाकाच्या बाबतीतही हा मुलूख मागे नाही. वाघोडिया तालुक्यातील लिमडा येथे आणि हालोल येथे टायरचे मोठे कारखाने आहेत. आमच्या गोव्यातील उसगावचा कारखानाही वाचकांस ठाऊक आहेच. थोडक्यात, बडोदेकर असो वा गोवेकर, टायर त्याच्या अंगणातच तयार होतो. मालाची वाण नाही आणि भारतीय मानक चिन्हाची सक्तीही आहे. उणीव आहे ती कारखाना आणि रस्ता यांच्यामध्ये असलेल्या त्या दहा बाय पंधराच्या दुकानात.

कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक पोत हाताने पाहते, भाजीवाल्याकडे वांगे दाबून पाहते. टायरच्या दुकानात मात्र त्याचे ज्ञान शून्यावर येते. सारेच टायर काळे, सारेच गोल. चाक काढून आत नेले, की पुढे काय झाले हे त्याला उमगत नाही. “साहेब, तीन ठिकाणी पंक्चर आहे” असे सांगितले, तर तिघांचे पैसे निमूटपणे द्यावयाचे. त्यांपैकी एक खिळ्याने झाले आणि उरलेली दोन दुकानातील टोच्याने झाली, असा संशय मनात येतो; पण सिद्ध कसा करणार? हा संशय सर्वस्वी निराधार आहे, असेही म्हणवत नाही. बंगळुरूच्या बाह्यवळण रस्त्यावर एका अभियंत्याने गेल्या दशकात चुंबक बांधलेल्या काठीने खिळे वेचण्यास प्रारंभ केला, तेव्हा कित्येक किलो खिळे निघाले होते. तेव्हापासून रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्याकडे लोक तिरक्या नजरेने पाहतात आणि त्यात प्रामाणिक माणूसही भरडला जातो.

तक्रारींचे प्रकार बहुधा ठरलेले असतात. ट्यूबलेस टायरमध्ये बाहेरून चिकट दोरी खुपसून पाच मिनिटांत गाडी मोकळी केली जाते. वास्तविक टायर उतरवून, आतून तपासून, आतल्या बाजूने ठिगळ बसविणे ही पक्की दुरुस्ती. दोरी ही वेळ मारून नेण्याची सोय. टायरच्या कुशीत, म्हणजे बाजूच्या भिंतीत भोक पडले असेल, तर ते बुजवावयाचेच नसते. तरी ते बुजवून दिले जाते. दुसरा प्रकार अलाइनमेंटचा. यंत्रावर गाडी चढते, पडद्यावर लाल-हिरवे आकडे दिसतात आणि शेवटी एक रक्कम सांगितली जाते. चाकांचे कोन आधी किती होते आणि नंतर किती झाले, याचा छापील कागद यंत्र देऊ शकते. पण गिऱ्हाइकाने मागितल्याखेरीज तो क्वचितच हातात पडतो. तिसरा प्रकार नायट्रोजनचा. साध्या हवेतच 78 टक्के नायट्रोजन असतो, ही शाळेत शिकविलेली गोष्ट. शुद्ध नायट्रोजन किंचित सावकाश गळतो, हे खरे. परंतु पंधरवड्याने दाब तपासण्याची सवय त्याहून अधिक गुणकारी असते आणि पेट्रोलपंपावर ती हवा फुकट मिळते. हे सांगणारा दुकानदार विरळा.

चौथ्या प्रकाराकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. चाकाचे नट हवेच्या बंदुकीने इतके आवळले जातात, की पुढे आडरानात चाक बदलण्याची वेळ आली, तर गाडीतील पान्याने ते हलतही नाहीत. एकटी स्त्री गाडी चालवीत असेल, तर तिने काय करावे? बंदुकीने नट नुसते टेकवून, मग मापाच्या पान्याने, समोरासमोरच्या क्रमाने आवळणे हे दोन मिनिटांचे काम आहे. ते ज्या दुकानात होते, ते दुकान चांगले, अशी खूण वाचकांनी मनाशी बांधावी.

याची दुसरी बाजूही आहे आणि ती अधिक विचार करावयास लावणारी आहे. प्रामाणिक सल्लाही पुष्कळदा लबाडीसारखाच दिसतो. बडोद्यात काय किंवा मडगावात काय, कित्येक निवृत्त गृहस्थांची गाडी आठवड्यातून एकदा देवळापर्यंत आणि बाजारापर्यंत जाते. सात-आठ वर्षांत टायर झिजलेले नसतात. खोबणी नव्यासारखी दिसते. अशा वेळी दुकानदार म्हणतो, “टायर जुने झाले, बदला.” गृहस्थांस वाटते, हा आपल्याला लुबाडतो आहे. पण रबर न वापरताही म्हातारे होते. ऊन, उष्णता आणि वर्षे यांनी ते कडक होते व बारीक भेगा पडू लागतात. टायरच्या कुशीवर चार आकडे कोरलेले असतात. त्यांतील पहिले दोन आठवडा आणि पुढील दोन वर्ष दाखवितात. 2519 असे असेल, तर तो टायर 2019 सालच्या पंचविसाव्या आठवड्यातील समजावा. पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर जाणत्याकडून तपासून घ्यावा आणि दहा वर्षांनंतर तो कसाही दिसत असला तरी वापरू नये, असे मोठे उत्पादक सांगतात. हे आकडे बोट ठेवून दाखविणारा दुकानदार संशयाला जागाच ठेवीत नाही. तेच आकडे नवा टायर घेताना गिऱ्हाइकानेही पाहावेत. दोन-तीन वर्षे गोदामात पडलेला माल ताजा म्हणून त्याच्या माथी मारला जाऊ नये.

झीज मोजण्याचीही रीत अशीच उघड आहे. कायद्याने मोटारीच्या टायरची खोबणी 1.6 मिलिमीटरपेक्षा उथळ असता कामा नये. ती मर्यादा दाखविणारे उंचवटे खोबणीतच घडविलेले असतात. रबर झिजून त्यांच्या पातळीस आले, की टायरचे आयुष्य संपले. पहिल्या पावसात आंबोलीच्या किंवा चोर्लाच्या घाटात गुळगुळीत टायरची गाडी पाण्यावरून कशी घसरते, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. डिसेंबर 2022 मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा खुला झाल्यानंतर टायर फुटून झालेल्या अपघातांची चर्चा सुरू झाली आणि परिवहन खात्याला महामार्गाच्या तोंडाशीच टायर तपासण्याची मोहीम काढावी लागली. प्रत्येक दुकानदाराने आपल्या दारात हीच तपासणी केली असती, तर सरकारी मोहिमेची गरज कमी भासली असती.

सर्वांत कडू अनुभव येतो तो टायरला फुगा आल्यावर. खड्ड्यात चाक आपटते, आतील दोरे तुटतात आणि चार दिवसांनी कुशीवर टेंगूळ उठते. गिऱ्हाईक म्हणते, टायर सदोष. कंपनीचा तपासनीस म्हणतो, आघातामुळे झाले, हमी लागू नाही. आणि दुकानदार दोघांच्या मध्ये हात झटकून उभा राहतो. तपासनिसाचे म्हणणे पुष्कळदा बरोबर असते, परंतु ते कशावरून ठरले हे गिऱ्हाइकास समजावून सांगितले जात नाही. “क्लेम नामंजूर” एवढे दोन शब्द त्याच्या पदरात पडतात. नकारापेक्षा हे मौनच मनुष्यास अधिक झोंबते.

गिऱ्हाईकही सर्वथा निर्दोष नाही, हे स्पष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. सप्टेंबर 2025 मध्ये मोटारीच्या नव्या टायरवरील वस्तू व सेवा कर 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला, तरी “बिल नको, भाव कमी करा” ही घासाघीस थांबलेली नाही. पावती नाकारणारा मनुष्य हमीचा दावा कोणत्या आधारावर करणार? जुना टायर घासून-पुसून, खोबणी पुन्हा कोरून, काळे पॉलिश लावून स्वस्तात विकला जातो, तो घेणारे कोणी तरी असते म्हणूनच. त्याखेरीज, आपल्या चाकाशी झटणारा तो पोरगा पुष्कळदा कोवळ्या वयाचा असतो. भर उन्हात लोखंडी कांबीने टायर उपटतो आणि काही शिक्षण न मिळता उस्तादाचे पाहून शिकतो. कोवळ्या मुलांस या कामास लावणे हा गुन्हा आहे. आणि जाणत्या कारागिरास दहा रुपयांसाठी छळणे हा गुन्हा नसला, तरी सभ्यपणा खासच नव्हे. उत्तम काम हवे असेल, तर कामाचे मोल द्यावयास हवे.

या देशात ग्राहकाला आवाज मिळवून देण्यात मराठी माणसांचा वाटा मोठा आहे. 1974 साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली. 1975 मध्ये मुंबई ग्राहक पंचायत निघाली. 1986 मध्ये संसदेने ग्राहक संरक्षण कायदा केला. 2020 च्या जुलैपासून त्याच्या जागी 2019 चा नवा कायदा लागू आहे. त्यात पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरविली आहे. शिवाय ग्राहक स्वतः जेथे राहतो किंवा नोकरी करतो, त्या जिल्ह्याच्या आयोगाकडेही तक्रार नेता येते. म्हणजे प्रतापनगरात घेतलेला टायर पेडण्यात फुटला आणि तो घेणारा बडोद्याचा रहिवासी असला, तर त्याला बडोद्यातच दाद मागता येईल. आणि गोव्याच्या माणसाने बडोद्यात टायर घेतला असेल, तर त्यास तक्रारीसाठी बडोद्याच्या फेऱ्या घालाव्या लागणार नाहीत. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारास शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाहिनीचा क्रमांक 1915. मात्र पुरावा हवा, आणि तो बहुतेक जण आपल्या हाताने दवडतात. फुटलेला टायर भंगारात देऊन लोक नवा बसवून घेतात आणि मग तक्रारीचा विचार करतात. आयोगाला सदोष वस्तू प्रयोगशाळेकडे पाठविता येते. पण वस्तूच नसेल तर पाठविणार काय?

म्हणून आमची सूचना साधी आहे. प्रत्येक टायरच्या दुकानाने तीन गोष्टी नेमाने कराव्यात. काढलेला खिळा, बुजविलेले भोक आणि झिजलेली खोबणी गिऱ्हाइकास त्याच्या डोळ्यांदेखत दाखवावी. पावतीवर टायरचा क्रमांक, बनावटीचा आठवडा-वर्ष आणि केलेले काम लिहून द्यावे. अलाइनमेंटचा कागद तीस जोडावा. जुना टायर गिऱ्हाइकाचा आहे, तो त्याने सोडला तरच दुकानात राहावा. यांतील एकाही गोष्टीस खर्च येत नाही. ज्या कारखानदारांच्या नावाच्या पाट्या या दुकानांवर झळकतात, त्यांनी आपल्या विक्रेत्यांकडून एवढे करून घेणे अवघड नाही. कारागिरांना वर्षातून दोन-चार दिवसांचे शिक्षण देणेही त्यांच्या आवाक्याबाहेरचे नाही.

विश्वास पानिपतात गेला, असे आपण मराठी माणसे सहज बोलून जातो. पण टायरवाल्यावर विश्वास ठेवल्यावाचून कोणाचीही गाडी घराबाहेर पडत नाही, हा रोजचा व्यवहार आहे. तो विश्वास आंधळा राहू नये, एवढीच अपेक्षा. येत्या चतुर्थीला प्रतापनगरहून निघणाऱ्या मोटारींची चाके तपासून, दाखवून, लिहून दिलेली असोत, आणि त्यांतील माणसे आपापल्या गणपतीपुढे सुखरूप उभी राहोत.