संगीत नाटक समजून घेताना (भाग ६) : फाल्गुनरावाचा संशय आणि रेवतीचं गाणं

विनोदी संगीत नाटकात सगळ्यात अवघड जागा म्हणजे गाणं सुरू होण्याची. प्रेक्षक हसतोय, पुढचा घोटाळा काय होतो म्हणून सरसावून बसलाय, आणि तेवढ्यात ऑर्गनवर सूर धरला जातो. गोष्ट थांबते. करुण प्रसंगात हे थांबणं खपतं. हसण्याचा ओघ मात्र एकदा तुटला की पुन्हा जुळवताना नटाचा घाम निघतो. गोविंद बल्लाळ देवलांनी ‘संशयकल्लोळ’मध्ये ही अडचण फार शहाणपणानं सोडवली आहे.

हे नाटक आधी गाण्यांशिवाय उभं राहिलं. मोलिएरच्या १६६० सालच्या फ्रेंच प्रहसनावरून आर्थर मर्फीनं १७६१मध्ये ‘ऑल इन द राँग’ लिहिलं, आणि त्यावरून देवलांनी १८९३मध्ये ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ हे गद्य नाटक रचलं. पुढं त्यांनीच त्यात पदं घातली आणि १९१६मध्ये गंधर्व नाटक मंडळीनं ते ‘संगीत संशयकल्लोळ’ म्हणून रंगभूमीवर आणलं. त्याच वर्षी जूनमध्ये देवल गेले होते. संगीत प्रयोग त्यांना पाहायला मिळाला नाही, याची हळहळ वाटते.

दोन दशकं हे नाटक निव्वळ बोलण्यावर हसवत होतं, हे लक्षात ठेवा. नायिका रेवती रस्त्यात घेरी येऊन पडते, फाल्गुनराव तिला सावरतो, आणि नेमकं तेच त्याची बायको कृत्तिका पाहते. रेवतीच्या हातून पडलेली तिच्या प्रियकराची, अश्विनशेठची तसबीर कृत्तिकेला सापडते, आणि तिच्या हातातली ती तसबीर फाल्गुनरावाच्या नजरेस पडते. नवरा-बायको दोघांना आपापला पुरावा मिळाला! इथून पुढं एकही वाक्य उशिरा येऊन चालत नाही. प्रश्न, उलटप्रश्न, नोकर भादव्याची लुडबुड, सगळं टाळीला टाळी लागल्यासारखं यावं लागतं.

म्हणून पदांचा मुख्य भार देवलांनी रेवती आणि अश्विनशेठवर टाकला. मर्फीची नायिका कुलीन घरातली. देवलांनी ती नायकिणीची मुलगी केली. हा बदल मला अतिशय महत्त्वाचा वाटतो. गाणं हा जिच्या घरचा व्यवसाय, ती गायली तर कुणाला खटकणार? शिवाय अशा मुलीवर अश्विनशेठनं विश्वास ठेवायचा की नाही, या प्रश्नाला त्या काळच्या समाजात खरी धार होती. रेवती झाले बालगंधर्व, फाल्गुनराव गणपतराव बोडस. बोडसांची ख्याती गद्य अभिनयाची. घोटाळा बोलण्यात आणि प्रेम गाण्यात, अशी ही वाटणी.

युरोपातल्या ऑपेरानं वेगळी वाट धरली. मोत्सार्टच्या ‘फिगारोचं लग्न’मध्ये (व्हिएन्ना, १७८६) सरदाराचा मत्सरसुद्धा गाण्यातूनच पेटतो. दुसऱ्या अंकाच्या शेवटी दोघांचं गाणं सुरू होतं, एकेक पात्र येऊन मिळतं आणि सातजण आपापली वेगळी बाजू एकाच वेळी गातात. हा पसारा सुमारे वीस मिनिटं चालतो. आपलं रागसंगीत एका गळ्याचं. एक स्वर घ्यायचा आणि तो फुलवायचा. सात जणांचा गलका त्यात बसवायला गेलात तर रागही जाईल आणि विनोदही. देवलांनी आपल्या संगीताची ताकद ओळखली आणि तिच्याकडून भलतं काम करून घेतलं नाही.

माजलगाव तालुक्यातल्या आपल्या दिंद्रुडच्या प्रेक्षकाला ही वाटणी परकी वाटायचं कारण नाही. भारुडात गात गात सोंग उभं राहतं, तमाशाच्या बतावणीत सोंगाड्या बोलण्यानं हसवतो आणि वगात पुन्हा गाणं येतं. हा कान आपल्याकडं तयारच आहे. आमच्या भागातल्या हौशी मंडळींना माझं मनापासून सांगणं आहे: ‘संशयकल्लोळ’ बसवा. तालमी मात्र देवलांच्याच क्रमानं करा. आधी पेटी-तबला बाजूला ठेवून अख्खं नाटक गद्यात उभं करा. तेवढ्यानं हशा येऊ लागला की मग गायक नट घ्या, आणि पदं मोजकी ठेवा. आलापीचा मोह अश्विनशेठला फार होतो. दिग्दर्शकानं तिथं कठोर व्हावं. प्रशांत दामले आणि राहुल देशपांडे यांनी अलीकडच्या काळात हे नाटक पुन्हा आणलं, तेव्हा नव्या प्रेक्षकानंही ते उचलून धरलं.

प्रयोग दिवाळीच्या आत लावा. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडं निघतात, आणि अर्धं गाव मागं राहिलेलं असताना हे नाटक करण्यात मला तरी आनंद वाटणार नाही.

पुढच्या भागात याच देवलांचा ‘झुंजारराव’. ‘ऑथेल्लो’वरून केलेल्या त्या नाटकातही बायकोवरचा संशयच आहे, तिथं मात्र त्यापायी तिचा जीव जातो.