संकेतस्थळाचा खर्च : महसुली की भांडवली?

भिवंडीतील यंत्रमागाचा धंदा मोठ्या प्रमाणावर मजुरीवर चालतो. सूत व्यापाऱ्याचे, माग कारखानदाराचे, आणि मजुरी विणलेल्या कापडावर, अशी ही रीत आहे. अशा कारखानदाराने स्वतःचे गिऱ्हाईक मिळविण्याकरिता संकेतस्थळ तयार करवून घेतले, तर तो खर्च करपात्र नफ्यातून वजा करता येईल काय? प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटतो. परंतु प्राप्तिकरविषयक एका जुन्या वादाचे मूळ त्यात दडलेले आहे.

१९६१ च्या प्राप्तिकर अधिनियमाच्या कलम ३७(१) अन्वये, जो खर्च संपूर्णतः व केवळ धंद्यासाठी झालेला असून भांडवली अथवा खाजगी स्वरूपाचा नाही, तो वजावटीस पात्र ठरतो. १ एप्रिल २०२६ पासून ज्याचा अंमल आहे, त्या २०२५ च्या अधिनियमातही हेच तत्त्व कायम आहे. तेव्हा सारा वाद ‘भांडवली’ या एका शब्दावर येऊन ठेपतो. संकेतस्थळ वर्षानुवर्षे उपयोगी पडते. आणि खर्चापासून चिरस्थायी लाभ होत असल्यास तो भांडवली, अशी कसोटी लॉर्ड केव्ह यांनी अॅथर्टन खटल्यात घालून दिली होती.

ही कसोटी अपुरी कशी, हे समजावयास मागाचेच उदाहरण उपलब्ध आहे. कलकत्त्याच्या ताग गिरण्यांनी आपसांत करार करून माग चालविण्याचे तास मर्यादित केले होते. मात्र एका गिरणीला आपले तास दुसरीस विकता येत. एम्पायर ज्यूट कंपनीने असे तास विकत घेतले. १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने हा खर्च महसुली ठरविला. कंपनीला नवा माग मिळाला नव्हता. होते तेच माग अधिक वेळ चालविण्याची मुभा मिळाली होती. लाभ किती काळ टिकतो, यापेक्षा तो धंद्याच्या स्थायी चौकटीत भर घालतो की केवळ तिचे चलनवलन सुलभ करतो, हे पाहावयाचे. याच विचारसरणीने दिल्ली उच्च न्यायालयाने २००८ साली इंडियन व्हिजिट डॉट कॉम या कंपनीच्या प्रकरणात संकेतस्थळावरील खर्च महसुली मानला.

निकालांवरून सरसकट नियम मात्र काढू नये. कापडाचे नमुने व पत्ता दर्शविणारे संकेतस्थळ ही एक प्रकारची पाटीच होय. पण दुसऱ्याचे चालते संकेतस्थळ नावलौकिकासह विकत घेतले, तर तो खर्च भांडवली ठरण्याचाच संभव अधिक. फरक किती पडतो? खर्च ६०,००० रुपये धरू. महसुली असल्यास सर्व रक्कम त्याच वर्षी वजा होते. अमूर्त मालमत्ता मानल्यास २५ टक्के दराने पहिल्या वर्षी घसारा १५,०००, आणि त्या वर्षी वापर १८० दिवसांहून कमी झाल्यास ७,५००. होस्टिंगचे वार्षिक शुल्क महसुली असण्याविषयी सहसा वाद होत नाही. पण रक्कम रोखीने दिली असेल, आणि ती एका व्यक्तीस एका दिवसात १०,००० रुपयांवर गेली असेल, तर वजावट नाकारली जाते. रोखीची सवय असलेल्या बाजारपेठेत हे विसरले जाते.

धंदा उभा राहण्यापूर्वी केलेल्या खर्चाची गोष्ट निराळी. धंद्याची उभारणी व प्रत्यक्ष आरंभ यांतील भेद मुंबई उच्च न्यायालयाने १९५४ साली वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्सच्या खटल्यात स्पष्ट केला. उभारणीनंतरचा खर्च, पहिला तागा विणला जाण्याआधीचा असला तरी, वजावटीस पात्र ठरू शकतो.

आता ज्याविषयी पाठ्यपुस्तके थोडक्यात आटोपतात, त्या मुद्द्याकडे वळू. लहान कारखानदारांना कलम ४४एडीप्रमाणे अनुमानित नफ्यावर कर भरण्याची मुभा आहे. नव्या अधिनियमातही ही योजना आहे. उलाढालीची मर्यादा २ कोटी, आणि रोखीची जमा ५ टक्क्यांहून अधिक नसल्यास ३ कोटी. बँकेमार्फत आलेल्या जमेच्या ६ टक्के व इतर जमेच्या ८ टक्के इतका नफा किमान धरला जातो. समजा, दोघा भावांच्या भागीदारी पेढीची उलाढाल दीड कोटीची असून सर्व रक्कम बँकेतून आली. नफा ९ लाख धरला जाईल. संकेतस्थळाचे ६०,००० त्यातून निराळे वजा होणार नाहीत, कारण सर्व वजावटी दिल्या गेल्याचे कायदाच गृहीत धरतो. इतकेच नव्हे, घसाराही दिल्याचे मानून मालमत्तेची किंमत दरवर्षी उतरत जाते. म्हणजे वर वर्णिलेला सारा न्यायालयीन खल या पेढीपुरता निरर्थक ठरतो.

पेढीने योजना सोडावी काय? ३० टक्के दराने ६०,००० वर वाचणारा कर अधिभाराव्यतिरिक्त १८,००० रुपये; तोही प्रत्यक्ष नफा, वह्यांनुसार, ९ लाखांहून तेवढा कमी निघाला तरच. उलट हिशेबवह्या ठेवून त्यांची तपासणी करवून घ्यावी लागते, तिचे शुल्क द्यावे लागते, आणि पुढील पाच वर्षे या योजनेत परतता येत नाही.